विश्लेषण : अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी? इंग्रजीच्या या वादात उतरलेले हेन्री फाउलर कोण होते?

ऑक्सफर्डने छापलेले एखादे इंग्रजी पुस्तक आणि अमेरिकेत छापलेले पुस्तक शेजारी शेजारी उघडून ठेवले, तर एक फरक लगेच नजरेत भरतो. पहिल्यात बोलणाऱ्याचे शब्द एकेरी अवतरणचिन्हांत असतात, दुसऱ्यात दुहेरी. यातले कोणतेही चूक नाही. या फरकामागे छापखान्यांच्या जुन्या सवयी आहेत आणि नोकरी सोडून दिलेल्या एका इंग्रज शाळामास्तराचा आग्रहही आहे. हेन्री वॉटसन फाउलर हे त्यांचे नाव. इंग्रजी कशी लिहावी याबद्दल विसाव्या शतकात सर्वाधिक चाळल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक त्यांच्या नावावर आहे. त्यांचे आयुष्य मात्र व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा बरेच वेगळे होते.

वाद नेमका कशाचा?

वाद दोन आहेत. पहिला चिन्हाचा. ब्रिटिश पुस्तकांची रूढ पद्धत म्हणजे बाहेर एकेरी, आत दुहेरी. उदाहरणार्थ : ‘बाबा म्हणाले, “छत्री घेऊन जा”, पण मी विसरलो.’ अमेरिकी पद्धत याच्या नेमकी उलटी : “बाबा म्हणाले, ‘छत्री घेऊन जा,’ पण मी विसरलो.”

वरच्या दोन वाक्यांत आणखी एक फरक आहे, तो चटकन दिसत नाही. ब्रिटिश वाक्यात ‘जा’ नंतरचा स्वल्पविराम आतल्या अवतरणचिन्हाच्या बाहेर आहे, अमेरिकी वाक्यात तो आत आहे. हा दुसरा वाद आणि खरे तर जास्त महत्त्वाचा. अमेरिकेत पूर्णविराम आणि स्वल्पविराम सरसकट चिन्हाच्या आत टाकले जातात. ते मूळ बोलण्याचे आहेत की लिहिणाऱ्याच्या वाक्याचे, हे तिथे पाहिले जात नाही.

याने काय बिघडते, हे पासवर्डच्या उदाहरणावरून कळेल. एखाद्या सूचनेत पासवर्ड म्हणून टाइप करा “आंबा२०.” असे छापले, तर शेवटचा टिंब पासवर्डचा की वाक्याचा? पूर्णविराम चिन्हाच्या बाहेर असता, तर हा प्रश्नच पडला नसता. फाउलर यांच्या काळात पासवर्ड नव्हते. पण जे चिन्ह ज्याचे आहे, ते त्याच्याकडेच राहिले पाहिजे, हेच त्यांचे म्हणणे होते.

घर, ऑक्सफर्ड आणि एक राजीनामा

फाउलर यांचा जन्म १० मार्च १८५८ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या टनब्रिज गावी झाला. वडील धर्मगुरू आणि शिक्षक. आठ भावंडांत हेन्री थोरले. १८७९ मध्ये वडील गेले आणि विशीतच त्यांच्यावर घरातल्या कर्त्या माणसाची जबाबदारी आली. तोवर ते रग्बी येथील प्रसिद्ध शाळेतून ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात पोहोचले होते. तिथे त्यांना दुसरा वर्ग मिळाला. धर्मशास्त्राची परीक्षा राहून गेल्याने प्रत्यक्ष पदवी हातात पडायला १८८६ साल उजाडले. पुढे ज्यांचे पुस्तक इंग्रजीचा निवाडा मानले गेले, त्या माणसाची ही शैक्षणिक कारकीर्द तशी बेताचीच म्हणायची.

एडिंबराच्या फेटिस कॉलेजात काही महिने शिकवल्यानंतर १८८२ मध्ये ते इंग्लंडच्या उत्तरेकडील सेडबर्ग शाळेत रुजू झाले. लॅटिन, ग्रीक आणि इंग्रजी हे त्यांचे विषय. अबोल, शिस्तीचा, पहाटे उठून पोहायला जाणारा हा मास्तर तिथे १७ वर्षे राहिला.

त्यानंतर आला वसतिगृहप्रमुखपदाचा प्रश्न. हे पद मानाचे होते आणि पगारही चांगला होता. पण त्या पदावरच्या शिक्षकाने मुलांना ‘कन्फर्मेशन’ या ख्रिस्ती विधीसाठी तयार करणे अपेक्षित असे. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही, ती मुलांना शिकवणे फाउलर यांना पटेना. मुख्याध्यापक बधले नाहीत, तेही नाहीत. १८९९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. तेव्हा त्यांचे वय ४१ होते.

हातात दुसरी नोकरी नव्हती. वडिलांच्या वारशातून वर्षाला सुमारे १२० पौंड येत, त्यावर भागवत ते लंडनच्या चेल्सी भागात राहू लागले आणि नियतकालिकांसाठी लेख लिहू लागले. लेखनातून फारसे काही मिळत नव्हते. या चार वर्षांत विशेष काही घडले नाही.

टोमॅटो पिकवणारा भाऊ

फ्रान्सिस हा त्यांचा १२ वर्षांनी लहान भाऊ. घरात त्याला फ्रँक म्हणत. तो इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावर टोमॅटो पिकवायचा. १९०३ मध्ये हेन्री त्याच्याकडे गेले. दोघांची घरे वेगळी होती, पण हाकेच्या अंतरावर. हेन्री रोज सकाळी धावत समुद्रावर जायचे, पोहायचे आणि परतल्यावर लिहायला बसायचे. पाच वर्षांनी, स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्यांनी जेसी विल्स या परिचारिकेशी लग्न केले.

भावांनी एकत्र केलेले पहिले मोठे काम म्हणजे ल्युशियन या प्राचीन ग्रीक लेखकाचे भाषांतर. ते १९०५ मध्ये ऑक्सफर्डने चार खंडांत छापले. त्याच सुमारास त्यांनी प्रकाशकांपुढे एक वेगळीच कल्पना मांडली. चांगले कसे लिहावे हे सांगण्याऐवजी वाईट कसे लिहिले जाते ते दाखवायचे. नामवंत लेखकांच्या आणि वृत्तपत्रांच्या लेखनातल्या खऱ्या चुका गोळा करायच्या आणि त्यांवरून नियम समजावून सांगायचा.

१९०६ मध्ये हे पुस्तक ‘द किंग्ज इंग्लिश’ या नावाने आले. त्यात लंडनच्या ‘द टाइम्स’मधली वाक्ये वारंवार चुकीचा नमुना म्हणून दिली होती. रुडयार्ड किपलिंग यांच्यावर अमेरिकी वळणाची इंग्रजी लिहिल्याचा ठपका होता. बेटावर राहणाऱ्या दोन अपरिचित भावांनी मोठमोठ्यांच्या चुका काढल्या, हे वाचकांना फारच आवडले.

एकेरी चिन्हाबद्दल त्यांनी काय मांडले?

एकेरी अवतरणचिन्ह फाउलर बंधूंनी शोधलेले नाही. अवतरणाची चिन्हे मुळात पानाच्या समासात, ओळींच्या कडेला घातली जात. अठराव्या शतकात कादंबऱ्या वाढल्या, संवाद वाढले आणि चिन्हे समासातून वाक्यात आली. सुरुवातीचे चिन्ह छापण्यासाठी स्वल्पविरामाचाच खिळा उलटा बसवला जाई. शाळेत इंग्रजीच्या तासाला आपण ज्यांना ‘इन्व्हर्टेड कॉमा’ म्हणतो, ते नाव यातूनच आले. पण एक खिळा उलटा घालायचा की दोन, याबाबत प्रत्येक छापखान्याची आपापली रीत होती. ऑक्सफर्डच्या छापखान्याचे प्रमुख होरेस हार्ट यांनी कामगारांसाठी केलेली नियमपुस्तिका १९०४ पासून बाहेरच्यांनाही विकत मिळू लागली. तिचाही कल एकेरीकडेच होता.

फाउलर बंधूंचा युक्तिवाद साधा होता. साध्या अवतरणाला साधे चिन्ह पुरते. अवतरणाच्या पोटात दुसरे अवतरण आले, तर वेगळे दाखवण्यासाठी दुहेरी हाताशी ठेवावे. आधीच जड चिन्ह वापरायचे आणि आत हलके घालायचे, हे उलटे आहे. हे मांडताना त्यांनी समोरच्या बाजूचे म्हणणेही लपवले नाही. अवतरणात अवतरण क्वचित येते, आणि बोलणाऱ्याचे शब्द उठून दिसावेत असे लोकांना वाटते, म्हणून दुहेरी चिन्ह लोकप्रिय आहे, याची नोंद त्यांनी केली आहे.

विरामचिन्हे आत की बाहेर, याबद्दल मात्र त्यांनी एवढी सवलत दिली नाही. चिन्हाची जागा अर्थाने ठरली पाहिजे. प्रश्न बोलणाऱ्याने विचारला असेल तर प्रश्नचिन्ह आत, लिहिणाऱ्याचा असेल तर बाहेर. पूर्णविराम आणि स्वल्पविरामही याच नियमाने. ते आत टाकल्याने ओळ नीट दिसते, एवढ्या कारणासाठी दुसऱ्याच्या तोंडी आपले चिन्ह घालू नये.

याशिवाय त्यांची आणखी एक तक्रार होती, ती आज व्हॉट्सअॅपवर लिहिणाऱ्यांनाही लागू पडेल. एखादा बोलीतला किंवा हलका शब्द वापरायचा असतो, पण तो वापरल्याचा कमीपणाही नको असतो. मग लेखक त्याला अवतरणचिन्हांचा चिमटा लावतो. फाउलर यांचा सल्ला असा की शब्द योग्य वाटत असेल तर सरळ वापरावा, वाटत नसेल तर टाळावा. जोर देण्यासाठी चिन्ह लावले तर काय होते, हे दुकानांच्या पाट्यांवर दिसतेच. ‘ताजे’ दूध असे लिहिलेले वाचले, की दुधाबद्दलच शंका येते.

एकेरीला विरोध का होतो?

विरोधामागेही चांगले कारण आहे. इंग्रजीत अक्षर गाळल्याची किंवा मालकीची खूण, म्हणजे ‘अॅपॉस्ट्रॉफी’, आणि एकेरी अवतरणचिन्हाचे शेवटचे टोक दिसायला अगदी सारखे. ‘डोन्ट’, ‘इट्स’ असे शब्द संवादांत पावलोपावली येतात. अनेकवचनी मालकीत तर ही खूण शब्दाच्या अगदी शेवटी बसते. अशा वेळी बोलणे तिथे संपले की पुढे चालू आहे, हे कळायला वाचकाला क्षणभर थांबावे लागते. दुहेरी चिन्हात ही अडचण येत नाही.

टाइपरायटरने या गोंधळात भर टाकली. सुरुवातीचे चिन्ह, शेवटचे चिन्ह आणि अॅपॉस्ट्रॉफी या तिन्हींसाठी त्याने एकच उभी रेघ दिली. ती संगणकावर आली आणि तिथून फोनच्या कीबोर्डवर. आता सॉफ्टवेअर अंदाजाने तिला डावीकडे किंवा उजवीकडे वळवते. एखादा शब्दच गाळलेल्या अक्षराने सुरू होत असेल, तर हा अंदाज हमखास चुकतो आणि अॅपॉस्ट्रॉफीच्या जागी उलटे चिन्ह येते.

शब्दकोश आणि वयाची थाप

‘द किंग्ज इंग्लिश’च्या यशानंतर ऑक्सफर्डने भावांकडे शब्दकोशाचे काम सोपवले. ऑक्सफर्डचा महाकाय शब्दकोश तेव्हा अर्धवट होता, तो पूर्ण व्हायला १९२८ उजाडणार होते. त्यातून एका खंडाचा, घरात ठेवता येईल असा कोश करायचा होता. कोशकार म्हणून दोघांनाही अनुभव नव्हता. मोठ्या कोशाचे शेवटच्या अक्षरांचे भाग छापूनच झालेले नसल्याने तिथे त्यांना स्वतःच वाट काढावी लागली. हा ‘कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातल्या कित्येक घरांत आणि शाळांच्या कपाटांत ज्याच्या पुढच्या आवृत्त्या पोहोचल्या, तो हाच कोश.

पुढचे पुस्तक ठरले होते. इंग्रजीतल्या वादग्रस्त वापरांचा, अक्षरानुक्रमे लावलेला एक ग्रंथ दोघांनी मिळून लिहायचा होता. एवढ्यात १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले.

भाऊ बेटावरच्या तरुणांना सैन्यात जाण्यासाठी उद्युक्त करू लागले. पण आपण घरी बसून दुसऱ्यांना लढायला पाठवणे त्यांना टोचू लागले. १९१५ मध्ये दोघेही भरती झाले. हेन्री यांचे वय तेव्हा ५७ होते. त्यांनी ते ४४ सांगितले. विश्वास नसलेला धार्मिक विधी शिकवायला नको म्हणून नोकरीवर पाणी सोडणाऱ्या माणसाची ही सरळसरळ थाप. पण तिच्यामागची बोच तीच होती, असे म्हणायला जागा आहे.

फ्रान्सला पोहोचल्यावर अपेक्षाभंग झाला. वयस्कर सैनिकांना आघाडीपासून दूर ठेवून भांडी घासणे, कोळसा वाहणे, ओझी उचलणे अशी कामे दिली गेली. दोघांनी वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. आपण लढण्यासाठी आलो आहोत आणि या हमालीचा देशाला काही उपयोग नाही, असा तिचा आशय होता. त्यांना आघाडीवर पाठवले गेलेही, पण शरीराने साथ दिली नाही. १९१६ च्या सुरुवातीला हेन्री कवायतीत कोसळले आणि पुढे त्यांना सैन्यातून मुक्त करण्यात आले.

फ्रँकला तिथे क्षयाची लागण झाली होती. १९१८ मध्ये तो वारला, वयाच्या ४७ व्या वर्षी.

एकट्याने लिहिलेले पुस्तक

हेन्री कामाकडे परतले. भावासोबत सुरू केलेला छोटा ‘पॉकेट ऑक्सफर्ड डिक्शनरी’ त्यांनी १९२४ मध्ये पूर्ण केला. त्यानंतर दोन वर्षांनी तो ठरलेला ग्रंथ आला, ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज’. आजही इंग्रजी पत्रकार आणि संपादक ‘फाउलर’ म्हणतात, तेव्हा बहुतेकदा त्यांना हेच पुस्तक अभिप्रेत असते.

पुस्तक फ्रँकला अर्पण केलेले आहे. अर्पणपत्रिकेत हेन्री यांनी कबूल केले आहे की भावाची बुद्धी आपल्यापेक्षा चपळ होती, तारतम्य अधिक होते आणि मनही मोकळे होते. तो असता तर पुस्तक अधिक चांगले झाले असते, असेच त्यातून सुचवले आहे. आपल्या सर्वात गाजलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर असे लिहिणारे लेखक फार नसावेत.

फाउलर म्हणजे छडी घेऊन उभा असलेला व्याकरणाचा मास्तर, अशी प्रतिमा आहे. पुस्तक वाचले तर ती टिकत नाही. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, ‘टू’ आणि क्रियापदाच्या मध्ये शब्द घालू नये, अशा शाळेत घोकवलेल्या नियमांची त्यांनी यथेच्छ टिंगल केली आहे. नुसते वजन पडावे म्हणून वापरलेले भारदस्त शब्द, तोच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून केलेली ओढाताण, हलक्या शब्दाला चिमट्यात धरून दाखवलेला वरचढपणा, यांवर त्यांचा खरा राग. पुस्तकाचे त्याच वर्षी पुनर्मुद्रण करावे लागले. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या चढाईची आखणी चालू असताना विन्स्टन चर्चिल यांनी एका लष्करी अधिकाऱ्याला एका शब्दाच्या चुकीच्या वापरासाठी फाउलर वाचायला सांगितले होते.

फाउलर दांपत्य १९२५ मध्ये सॉमरसेटमधील हिंटन सेंट जॉर्ज या गावी राहायला गेले होते. वय झाले म्हणून प्रकाशकांनी त्यांना घरकामासाठी नोकर ठेवण्याचा खर्च देऊ केला. फाउलर यांनी उलट टपाली सकाळच्या अर्ध्या तासात आपण काय काय करतो, त्याचा हिशेबच पाठवला. त्यात दोन मैलांची धाव होती आणि शेजाऱ्याच्या तळ्यातले पोहणेही. अशा माणसाला नोकर काय करायचा, हा त्याचा अर्थ. त्यांचे वय तेव्हा ६८ होते.

१९३० मध्ये जेसी गेल्या. पुढच्या वर्षी फाउलर यांनी पत्नीसाठी लिहिलेल्या कवितांचे एक छोटे पुस्तक छापले. दृष्टी अधू झाली होती आणि एक डोळा काढावा लागला होता, तरीही एका मोठ्या नव्या शब्दकोशाचे काम चालूच होते. ते अपुरे राहिले. २६ डिसेंबर १९३३ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, त्यांचे राहत्या घरी निधन झाले.

आज कोणाचे चालते?

ब्रिटनमध्ये फाउलर निम्मे जिंकले. पुस्तकांत एकेरी चिन्ह रूढ आहे, पण ‘द टाइम्स’ आणि ‘द गार्डियन’ बातमीत दुहेरी वापरतात, एकेरी मथळ्यांत. विरामचिन्हांची जागा अर्थावरून ठरवण्याची पद्धत ब्रिटिश गद्यात बऱ्यापैकी मुरली आहे. अमेरिकेने दोन्ही गोष्टी नाकारल्या. मात्र अमेरिकेतच वाढलेल्या संगणकाच्या जगात प्रोग्रामर मंडळी चिन्हे बाहेर ठेवतात, कारण अवतरणचिन्हात चुकून शिरलेला एक टिंबही कमांड बिघडवू शकतो. इंग्रजी विकिपीडियाने दोन्हीकडून थोडे थोडे घेतले आहे. चिन्ह अमेरिकी, म्हणजे दुहेरी, आणि विरामचिन्हांची जागा फाउलर यांच्या मताप्रमाणे.

मराठीत विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या संपर्कातून आली आणि ती रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांचे १८७७ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी फाउलर ऑक्सफर्डमध्ये दाखल झाले. त्यामुळे मराठीची घडी फाउलर यांच्या आधीच बसू लागली होती. आपल्याकडे शाळेत शिकवला जाणारा नियम ब्रिटिश नाही आणि पूर्ण अमेरिकीही नाही. बोलणाऱ्याचे शब्द दुहेरी चिन्हात आणि एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधायचे असेल तर तो एकेरीत. पुस्तकांची आणि वृत्तपत्रांची नावे मराठी दैनिके एकेरीत घालतात, या मजकुरातही तसेच केले आहे. पूर्णविराम आत की बाहेर, यावर मराठीत एकवाक्यता नाही. एकाच दैनिकाच्या एकाच पानावर दोन्ही प्रकार सापडतात.